दलदलीचं विद्यापीठ

सँडीफोर्ड, डब्लिन
२ नोव्हेंबर २०२५

चि. भार्गवी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडते.

फोन उचलायचा नाही, व्हॉइस नोट ऐकायच्या नाहीत, आणि वर बाबांकरवी निरोप, की आईला म्हणावं काय ते लिहून पाठव, फोनवर ती ऐकूनच घेत नाही. मी ऐकून घेत नाही? अठरा वर्षांत तू "फाइन" आणि "ग्रँड" यापलीकडे बोललीस तरी काय, मी ऐकायला? ठीक आहे, लिहिते. आणि मराठीतच लिहिते. दर रविवारी तुला धरून मराठी वाचायला बसवलं, तेव्हा नाक मुरडायचीस. आता बस वाचत. एकेक अक्षर लावून वाचावं लागेल, म्हणजे मधेच उठून जाता येणार नाही.

तुझं पाकीट मिळालं. जाडजूड होतं म्हणून मला वाटलं लेकीने मोठं पत्र लिहिलंय. उघडलं तर विद्यापीठाची माहितीपुस्तिका, बारा पानी, गुळगुळीत कागदाची, आणि वर पिवळी चिठ्ठी. "आई, रीड धिस फर्स्ट. देन वी विल टॉक." आईशी बोलायची ही पद्धत असेल फिनलंडमध्ये. आमच्याकडे नाही.

एकदा स्वच्छ लिहून काढते, कारण तुझ्या बाबांना सांगितलं की ते "हं" म्हणतात आणि लुआसची ट्राम पकडायला निघून जातात. जूनमध्ये तू शाळेची शेवटची परीक्षा, लीव्हिंग सर्ट, दिलीस. ऑगस्टमध्ये तुला मेडिसिनची जागा मिळाली. डब्लिनमध्ये, घरापासून बसच्या अंतरावर. लोक त्या जागेसाठी नवस बोलतात. तू काय केलंस, तर ती जागा एक वर्षाने पुढे ढकललीस आणि म्हणालीस, जरा ब्रेक हवाय. मी म्हटलं, ठीक आहे, दमली असेल पोर. आणि सप्टेंबरमध्ये कळतं की हा ब्रेक नाहीच. तू तिकडे तीन वर्षांच्या डिग्रीला नाव घालून बसलीस. आणि डिग्री कशाची? दलदलीची. पाणथळ जमिनीची. म्हणजे चिखलाची. डॉक्टर होणारी मुलगी हातचं सोडून चिखलात उतरली, हे मी वृंदामावशीला किलकेनीला फोन करून कोणत्या शब्दांत सांगायचं होतं? मी सांगितलंच नाही. ती अजून समजते तू युरोप फिरते आहेस.

पुस्तिका वाचेन. शिकवणीच्या मुलांच्या वह्या तपासायचा लाल पेन घेऊनच बसणार आहे.

आई

ता. क. आशीर्वाद राहिला. आहे. मोजे पाठवलेत, लोकरीचे, वापर.


२३ नोव्हेंबर

चि. भार्गवी,

वाचली. बारा पानं, त्यातली चार नुसती झाडांचे फोटो.

पान दोन, इतिहास. स्थापना १९६९. भार्गवी, मी शिकले ते पुण्याचं कॉलेज त्याहून जुनं आहे. त्याचे तर जिनेही झिजलेले होते. इथे पहिल्या वर्षी म्हणे एका बंद पडलेल्या लाकूड कारखान्यात वर्ग भरायचे, आणि हे त्यांनी अभिमानाने छापलंय.

पान तीन. सरकारी विद्यापीठ, युरोपियन पासपोर्ट असेल तर फी नाही. बाबा यावर खूश झाले. मी म्हटलं, जे फुकट मिळतं त्याची किंमत राहत नाही. ते म्हणाले, "शुभदा, तूही सरकारी कॉलेजातच शिकलीस." नको तिथे तोंड उघडतात.

पान पाच, शिक्षणपद्धती. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची. नुसत्या नावाने. तुझ्या विभागप्रमुख रिट्टा म्हणून कुणी आहेत, साठीच्या बाई, फोटोत गमबूट घालून उभ्या आहेत, आणि तू त्यांना "रिट्टा" म्हणतेस? माझ्या जिभेला हे वळण पडणार नाही. नापास झालं तर परीक्षा पुन्हा देता येते, परत पुन्हा देता येते. मग अभ्यास करायचा कशाला? आणि सव्वादहाचा वर्ग वेळापत्रकात दहाचा लिहायचा, पंधरा मिनिटं उशीर हीच म्हणे परंपरा. उशिरा येण्याला परंपरा म्हणायचं हे मला आयुष्यात सुचलं नसतं.

पान सात, कारभार. विद्यापीठाच्या मंडळात विद्यार्थीही बसतात, मत देतात. अठरा-वीस वर्षांची मुलं विद्यापीठ चालवणार. घरी तुला दूध संपल्याचं कळत नाही.

खाली राहणारी मॉरीन विचारत होती, "अँड हाउ इज युअर वन इन फिनलंड?" सगळं सांगितलं. म्हणाली, "अह, लेट हर ऑफ, शी विल बी ग्रँड." यांच्याकडे सगळंच ग्रँड. छप्पर उडून गेलं तरी ग्रँड.

दहापैकी चार मार्क दिलेत. तेही कागद चांगला आहे म्हणून.

तू काय शिकतेस ते शेवटच्या दोन पानांत आहे, ते अजून वाचलं नाही. मन होत नाही.

आई


१८ डिसेंबर

भार्गवी,

तुझं पत्र आलं. अकरा ओळी. त्यातल्या सहा हवामानावर. ख्रिसमसला येणार नाहीस, कारण कुठल्या तरी केंद्रावर बर्फाखालच्या मातीची मोजमापं घ्यायची आहेत. कळलं. माती वाट बघू शकत नाही, आई बघू शकते.

तू लिहिलंयस, "आय वॉज नेव्हर आस्क्ड." कधी विचारलं नाही? दहावीत असताना पाहुण्यांसमोर विचारलं होतं, मोठेपणी कोण होणार. तू म्हणालीस, डॉक्टर. वृंदामावशी साक्षीला आहे.

एक गोष्ट सांगणार नव्हते, पण सांगते. बाबांना डॉक्टरांकडे नेलं होतं. बीपी वाढलंय. ताण घ्यायचा नाही असं सांगितलंय. ते तुला काही बोलणार नाहीत, तुला माहीतच आहे त्यांचा स्वभाव. मीही जास्त लिहीत नाही. ताण कशाचा आहे ते तुझं तूच समजून घे.

आणि एक तारीख लक्षात ठेव. १ फेब्रुवारी. मेडिसिनची राखून ठेवलेली जागा हवी असेल तर त्या आधी नव्याने अर्ज भरावा लागतो. नाही भरला तर जागा गेली. तिथे बसून भर, दहा मिनिटांचं काम आहे. एवढं कर आणि मग वर्षभर काय हवी ती माती मोज.

आई


३१ जानेवारी २०२६

चि. भार्गवी,

तू भरला नाहीसच. मी रोज बघत होते. पासवर्ड मला माहीत आहे, अर्ज आपण दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरला होता ना मागच्या वर्षी.

म्हणून काल मीच भरला.

चिडशील. चीड. पण मी काही कुणाची फसवणूक केली नाही, माझ्या मुलीचा अर्ज भरला. आणि कसा भरला ते ऐक, पुढे तुझ्या मुलांच्या वेळी उपयोगी पडेल. माझा भाऊ, तुझा संजीवमामा, बारावीनंतर फॉर्मवर दोनच कॉलेजं लिहून आला होता. आपल्याला मिळणारच या गुर्मीत. दोन्ही हुकली आणि गडी वर्षभर घरी बसला. त्या दिवशी आजोबांनी आम्हा भावंडांना बसवून सांगितलं, फॉर्मवर एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. मी तो धडा विसरलेले नाही. पहिल्या रकान्यात तुझं मेडिसिन, आणि खाली दुसरं मेडिसिन, फार्मसी, फिजिओथेरपी, अगदी दंतवैद्यकसुद्धा. दहाच्या दहा रकाने भरले. कुठेतरी पाय टेकायला जागा हवी.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "तिला विचारलंस?" मी म्हटलं, मुदत संपल्यावर विचारू का?

आता निवांत झोप लागेल मला.

आई


१५ फेब्रुवारी

चि. भार्गवी,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळींचं. "मी दमले भांडून. तू जिंकलीस. मी परत येते." मराठीत लिहिलंस. अक्षर अजून छान आहे तुझं.

शुक्रवारी २७ तारखेला तिथली जागा सोडल्याचा कागद सही करून देणार आहेस, असं लिहिलंयस. मी दोन दिवस विचार केला. बेटा, एवढी घाई काय आहे? सही कधीही करता येते.

काय आहे, मी ती माहितीपुस्तिका पुन्हा वाचली. शांतपणे. माझं जरा घाईत मत झालं होतं. १९६९ म्हणजे काही फार नवं नव्हे. आणि लाकूड कारखान्यापासून सुरुवात करून एवढं उभं करणं सोपं नाही, आपल्याकडेही मोठमोठ्या संस्था भाड्याच्या खोल्यांतच सुरू झाल्या. परीक्षा पुन्हा देता येते हेही बरंच आहे, माणूस आजारी पडू शकतो. विद्यार्थ्यांना मंडळात घेतात, त्यातून जबाबदारी येते. शेवटची दोन पानंही वाचली. या दलदलीत म्हणे हजारो वर्षांचा कार्बन साठलेला असतो, ती वाळवली की हवेत जातो, आणि आयर्लंडने आपल्या निम्म्याहून जास्त दलदली खणून चुलीत घातल्या आहेत. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे उपयोगाचं शिक्षण दिसतंय.

डॉक्टरकीचं मात्र काही खरं नाही. वर्षानुवर्षं अभ्यास, उभ्याने जेवण.

तर तू निदान हे वर्ष पूर्ण कर. मी मनापासून सांगते आहे.

आई


२० फेब्रुवारी

भार्गवी,

बाबांना मेसेज करून विचारलंस, "आईला बरं नाही का?" मला काहीही झालेलं नाही. एखाद्या गोष्टीचं कौतुक केलं की माणूस आजारी असतो का?

आणि तू म्हणतेस, काही झालं तरी मी येणारच, बाबांच्या तब्येतीसाठी. बाबांच्या तब्येतीचा विषय आता काढू नकोस. ते ठीक आहेत.

सही करू नकोस. कारण विचारू नकोस. आई सांगते आहे एवढं पुरे नाही का?

आई


२७ फेब्रुवारी
तुझ्या विद्यापीठाचं कॅन्टीन

भार्गवी,

हे पत्र मी तुझ्या हातात देणार आहे, म्हणून पोस्टाचा पत्ता नाही.

बाबांना सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. लॅपटॉप उघडला आणि तिकीट काढलं. एकच काढलं. म्हणाले, "हे तुझं तूच तिच्यासमोर जाऊन सांगायचं." काल विमान, मग साडेतीन तास ट्रेन, रात्रभर हॉस्टेलात टक्क जागी. सकाळपासून इथे बसले आहे. सांगायला आले आहे आणि लिहीत बसले आहे. तोंडाने सांगायला गेले तर मी मधेच तुझ्यावरच चिडेन, मला माझा स्वभाव माहीत आहे.

तर ऐक. मेडिसिनची जागा गेली. माझ्यामुळे गेली.

दहा तारखेला कॉलेजची ईमेल आली, अर्जात दिलेल्या आपल्या घरच्या ईमेलवर. राखून ठेवलेली जागा हवी असेल तर अर्जावर तो एकच कोर्स लिहायचा असतो. फक्त तोच. दुसरं काहीही लिहिलं की हक्क संपला, मग सगळ्यांबरोबर नव्याने रांगेत. नऊ रकाने मी जास्तीचे भरले. मेडिसिनची ती वेगळी प्रवेशपरीक्षाही पुन्हा द्यावी लागेल आणि तिच्या नोंदणीची मुदत जानेवारीतच संपली. म्हणजे या वर्षी नाहीच. करायला गेले गणपती, झाला मारुती.

अट त्यांनी लपवली नव्हती. ऑगस्टमध्ये दोन पानी पत्र आलं होतं. अभिनंदनाचं पहिलं पान मी फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. अटींचं दुसरं पान स्वयंपाकघरातल्या कपाटात ताटांच्या मागे ठेवलं. ते मी कधी वाचलंच नाही. ईमेल आली त्या दिवशी काढून वाचलं. पहिलीच ओळ होती, जाड अक्षरात.

मी अर्जाच्या कचेरीत फोनही केला. ते अर्जदाराशीच बोलतात म्हणून मी तू झाले. "हाय, धिस इज भार्गवी," असं तुझ्यासारखं नाकातून म्हटलं. पलीकडची बाई जरा थांबली आणि म्हणाली, "इज दॅट मॅमी, बाय एनी चान्स?" मी फोन ठेवून दिला. मग तिथेच जमिनीवर बसून रडले. शिकवणीची मुलं यायची होती म्हणून उठले.

बाबांचं बीपी उत्तम आहे. डॉक्टर फक्त मीठ कमी करा म्हणाले होते. तो ताणबीण मी घातला होता पदरचा. त्यावरून तू परत येते आहेस, हे वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

आणि अजून एक. ईमेल वाचली तेव्हा सगळ्यात आधी मनात आलं, बाबांना काय सांगू. मग आलं, वृंदाला काय सांगू. तुझं काय होईल, हा विचार तिसरा आला. मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं, क्रम हाच होता. या चुकीपेक्षा मला तो क्रम जास्त टोचतोय. पंधरा तारखेचं ते गोडगोड पत्र सगळं खोटं होतं. तू इकडेच राहिलीस तर माझी चूक कुणाला कळणार नाही, म्हणून लिहिलं होतं. त्यातलं दलदलीबद्दलचं तेवढं खरं होतं, ते मी खरंच वाचलं.

आता इथलं सांगते. इथे सगळे कोट बाहेर दांड्यावर टांगून आत येतात, कुणी राखण करत नाही. मी माझा मांडीवर घेऊन बसले आहे. अर्ध्या तासापूर्वी एक बाई आपला ट्रे आपणच घेऊन समोर येऊन बसल्या आणि विचारलं, कुणाला शोधताय का. तुझं नाव सांगितलं. त्या रिट्टा निघाल्या. मी उभी राहिले, त्या खाली बसा म्हणाल्या. म्हणाल्या, तुमची मुलगी वर्गात इतके प्रश्न विचारते की आम्हाला जेवायला उशीर होतो. मी म्हटलं, माझी मुलगी? भार्गवी? घरी ती एका शब्दाच्या वर बोलत नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ती जाणार म्हणून आम्हाला वाईट वाटतंय. तिने सांगितलं, आईला माझी गरज आहे."

त्या ट्रे उचलून गेल्या आणि मी पुन्हा पेन हातात घेतला.

तू दहावीत पाहुण्यांसमोर डॉक्टर म्हणालीस, ते मी आदल्या दिवशी तुझ्याकडून घोकून घेतलं होतं. हेही मला आत्ता इथे बसून आठवलं. तू लिहिलं होतंस ते बरोबर होतं. तुला कुणी विचारलं नव्हतं.

आज विचारते. तुला काय करायचंय? डॉक्टरच व्हायचं असेल तर पुढच्या वर्षी परीक्षा दे, मी अर्जाला हात लावणार नाही. इथे राहायचं असेल तर राहा. मला सोडून द्यायचं असेल काही दिवस, तर तेही कर, मी वाट बघेन. पण माझ्यासाठी म्हणून त्या कागदावर सही करू नकोस. मला तुझी गरज आहे, पण तू सगळं सोडून यावंस म्हणून नाही.

वर्ग सुटलेला दिसतोय. पाच-सहा जणी जिन्यावरून येत आहेत आणि मधली हातवारे करून काहीतरी सांगते आहे, बाकीच्या थांबून ऐकताहेत. मी तिच्याकडे दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी म्हणून बघत होते.

केस कापलेस आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस.

आई